नानांनी शिकवलेला मासा

हे घडलं १९८७ साली, डायव्हिंगचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर. परीक्षक सकाळच्या बोटीने यायचे होते आणि घरातल्या धाकट्या सुनेचा चहा कपातच गार झाला होता.

दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग. बाहेरच्या खोलीत हवेचे सिलिंडर भिंतीला टेकून उभे, खुंट्यांवर रबरी पोशाख वाळत घातलेले आणि मधल्या दारातून थेट स्वयंपाकघर. घरातले दोघे भाऊ मालवाहू बोटींवर नोकरीला, वर्षातले कितीतरी महिने बाहेर. त्यामुळे दुकान दोघी जावांच्या हातात होतं. थोरली गल्ल्यावर बसायची, सिलिंडर भरायची आणि गरज पडेल तिथे भांडायची. धाकटी पाण्यात उतरायची. आधीचा गाइड लग्न करून सासऱ्याच्या धंद्यात शिरला, तेव्हापासून दुकानात लायसन्सवालं कुणी उरलं नव्हतं, आणि लायसन्स असलेल्या माणसाशिवाय गिऱ्हाइकाला पाण्याखाली न्यायला बंदी होती. धाकटी पास झाली तर दुकान चालणार होतं. नाही झाली तर मास्क भाड्याने देत बसायचं, आणि तेही लोकांनी मागितले तर.

परीक्षा ऐकायला सोपी होती. परीक्षकांना पाण्याखाली न्यायचं, एखादा प्राणी दाखवायचा, तो कुठला ते खुणांसकट सांगायचं आणि त्याला हात न लावता, त्रास न देता परत वर यायचं. धाकटीने निवडला होता धक्क्याखालच्या दगडांत राहणारा वाम मासा. सापासारखा लांब, मांडीएवढा जाड, तपकिरी अंगावर काळे ठिपके. पुस्तकात त्याचं नाव मोरे ईल होतं. घरात सगळे नुसतं 'वाम' म्हणत.

"नाहीच आला कपारीच्या तोंडाशी, तर?" धाकटी म्हणाली. "निम्म्या वेळा आत दडून बसतो तो. मग काय दाखवू त्यांना, दगड?"

"दगड तर दगड," थोरली म्हणाली. "आधी तो ब्रेड संपव. रिकाम्या पोटी पाण्यात चक्कर येईल."

"येईल," नाना म्हणाले.

"चक्कर?"

"वाम."

नाना म्हणजे दोघींचे सासरे. दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून बरेच दिवस झाले होते, पण समोरचा माणूस बोलायला लागला की त्यांची नजर अजूनही त्याच्या डोळ्यांकडे न जाता दाढांकडे जायची.

"तुम्हाला काय माहीत, येईल म्हणून?" थोरलीने विचारलं.

"मी बघितलंय त्याचं." नानांनी कप खाली ठेवला. "सांगणार नव्हतो. पण पोरगी उगाच जिवाला घोर लावून घेतेय. दुपारी तुम्ही दोघी आडव्या झालात की मी धक्क्यावर जातो. लोखंडी शिडीवरून छातीभर पाण्यात उतरतो, मास्क लावतो आणि शिडीवर वाजवतो. टक, टक, टक. की साहेब बाहेर. मग पकडीत माशाचा तुकडा धरून पुढे करायचा. आता इतका तयार झालाय की नुसतं वाजवलं तरी समोर येऊन आ करून उभा राहतो. तुझ्या परीक्षकांना हवं तर दाढा मोजू देत."

धाकटीच्या हातातला ब्रेड हातातच राहिला.

"कसली पक्कड?" थोरलीने विचारलं.

"दाढ काढायची. वरच्या दाढेची लांब असते, बोटं सुरक्षित राहतात."

"आणि मासे कुठले?"

"फ्रीजमधले."

थोरली खुर्चीत बसली. "म्हणजे शेजारच्या मांजरीला मी इतके दिवस उगाच शिव्या घातल्या."

"मांजरीला काय कळतंय."

"शेजारणीला कळतंय ना. तिलाही घातल्या."

धाकटीला एकदाचा आवाज फुटला. "नाना, तो आ करतो तो श्वास घ्यायला. तोंडातून पाणी आत ओढतो आणि कल्ल्यांतून सोडतो. जन्मल्यापासून तेच करतो. तुम्ही नाही शिकवलंत."

"असेल. पण माझ्यासमोर जरा मोठा करतो."

"आणि खायला घालायचं नाही, हा पहिला नियम आहे. कळलं तर मी नापास."

"पण तू कुठे घातलंस? मी घातलं."

"आणि वाजवणं..." धाकटी उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली. "ताई, पाण्यात हाक मारता येत नाही. लक्ष वेधायचं तर पाठीवरच्या सिलिंडरवर काहीतरी धातूचं वाजवतात. परीक्षक तर प्रत्येक प्रश्नाला वाजवणार."

मग नानांनी हळूच विचारलं, "साधारण किती वेळा वाजवतात ते?"

परीक्षक आले ते आधीच भिजून आल्यासारखे गंभीर होते. गळ्यातल्या दोरीला एक पितळी कडी अडकवलेली. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी ती टेबलावर वाजवली आणि विचारलं, "तयारी आहे?" धाकटी दचकली. थोरली पुढे झाली.

"ही कडी घासेल हो तुमच्या पोशाखाला. थांबा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून देते. एका मिनिटाचं काम."

"घासू दे. इतकी वर्षं घासतेच आहे."

"पण कसं आहे, सध्या धक्क्याखाली पाणी फार गढूळ आहे. पलीकडच्या वाळूत जाता का? तिथे छान खेकडे आहेत."

परीक्षकांनी खिडकीतून खाली पाहिलं. "मला इथून तळातला टायर दिसतोय," ते म्हणाले. "टायरवरची अक्षरंसुद्धा. धक्क्याखालीच जाऊ. तिथे ईल आहे म्हणे."

थोरलीचे उपाय संपले. नानांना तिने घरात बसवलं आणि बजावलं, "काही झालं तरी तोंड उघडायचं नाही." आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणाऱ्या माणसाने मान डोलावली.

त्या काळी खोली आणि हवा दाखवणारी, मनगटावर बांधायची हुशार यंत्रं आमच्याकडे आली नव्हती. पाण्याखाली बोलायचं म्हणजे हाताच्या खुणा, आणि खूण पुरली नाही तर कमरेला लटकवलेली छोटी पाटी आणि पेन्सिल. धाकटीने शिडी उतरतानाच मनाशी ठरवलं, की परीक्षकांना कडी वाजवायची वेळच येऊ द्यायची नाही. त्यांनी विचारायच्या आधीच उत्तर द्यायचं.

तळाशी पोचताच तिने पाटी पुढे धरली. 'हवा भरपूर.' परीक्षकांनी मान हलवली. त्यांनी कडीकडे हात नेला, तर पाटी पुन्हा समोर. 'खोली ठीक. थंडी नाही. दिशा बरोबर.' ते थांबले. मास्कच्या काचेमागे त्यांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा हात कडीकडे. 'कान ठीक. मीही ठीक. तुम्ही ठीक?' एवढी उत्तरं देणारा उमेदवार त्यांना कधी भेटला नसावा. त्यांनी थोडा विचार केला, आणि विचार करताना वाजवायची त्यांना सवय होती.

टक, टक, टक.

धाकटीने डोळे मिटले आणि उघडले. समोरच्या दोन दगडांमधल्या अंधारातून एक तपकिरी डोकं बाहेर आलं. आधी डोकं, मग मान, मग मानेसारखंच पुढचं सगळं, संपतच नव्हतं. ज्या माशाने दिवसा कपारीत बसून राहावं आणि अंधार पडल्यावर शिकारीला निघावं, तो भर उजेडात आख्खाच्या आख्खा बाहेर येऊन, ओळखीच्या दवाखान्यात शिरावं तसा परीक्षकांच्या छातीसमोर आला आणि आ करून थांबला.

परीक्षक ताठ झाले. धाकटीने दोन्ही हात काखेत दाबून दाखवले: हात आत. ते तिच्याकडे बघत नव्हते. ते बघत होते दातांकडे. आणि दचकलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. 'तो बघा,' असं सांगायला बोट पुढे केलं.

वामाची नजर फार चांगली नसते. त्याला समोर दिसत होतं ते एक फिकट, जाडसर, हलणारं काहीतरी. पकडीच्या टोकाला रोज असतं त्याच मापाचं. धाकटीने झेप घेतली आणि परीक्षकांचं बोट मुठीत धरलं. रस्ता ओलांडताना आईने पोराचं धरावं तसं घट्ट. आणि त्यांना ओढत ती हळूहळू मागे सरकू लागली. तळाची वाळू उडू न देता, दगडाला पाय न लावता, माशाची परतायची वाट मोकळी ठेवून. सगळं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं होतं. फक्त परीक्षेत परीक्षकाचं बोट धरावं, असं कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

वाम पाठोपाठ आला. परीक्षक घाबरले. घाबरल्यावर त्यांनी मोकळ्या हाताने मदतीसाठी कडी वाजवली. वाम आणखी जवळ आला. ते आणखी घाबरले, आणखी जोरात वाजवू लागले. वामाला एवढ्या आग्रहाचं बोलावणं आजवर कुणी केलं नव्हतं. तो त्यांच्या खांद्यावरून डोकावून दुसऱ्या बाजूला आला आणि पुन्हा आ केला.

धाकटीने एका हाताने पाटीवर वेडंवाकडं लिहिलं: 'वाजवू नका.'

परीक्षकांनी वाचलं. कडी खाली गेली. पाणी शांत झालं. दोघं मोकळा हात काखेत घालून, दोन पोती ठेवल्यासारखी, जागच्या जागी तरंगत राहिली. वाम थोडा वेळ डोलला. मग काही मिळत नाही असं पाहून वळला आणि संथपणे कपारीकडे निघाला. जाता जाता त्याचं सगळं अंग दिसलं. परीक्षकांचं बोट न सोडता धाकटीने लिहिलं: 'साप नाही, मासा. खवले नाहीत. छातीचे पर नाहीत. पाठीचा पर डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग. कल्ल्याचं छिद्र गोल, भोवती काळा डाग. आ करतो ते श्वासासाठी.'

परीक्षकांनी पाटी वाचली, मग वर जायची खूण केली.

पाण्याबाहेर डोकं काढल्यावर त्यांनी मास्क वर सरकवला. शिडीला धरून दम घेतला. मग म्हणाले, "माझं बोट."

धाकटीने बोट सोडलं.

"ओळख बरोबर होती," ते म्हणाले. "मला मागे आणलंत तेही बरोबर. एकच सांगा. वाजवल्यामुळे तो येतोय, हे तुम्हाला कसं कळलं?"

धक्क्यावर थोरली उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. 'अंदाजाने' असा एक शब्द पुरला असता, आणि तो धाकटीच्या जिभेवर आलाही होता. तेवढ्यात थोरलीच्या मागून नानांचं डोकं वर आलं. त्यांना घरात राहवलं नव्हतं.

"आला का हो?" त्यांनी विचारलं. "बघितलात ना जबडा?"

परीक्षकांनी आधी नानांकडे पाहिलं, मग धाकटीकडे. "तुम्हाला हे पाण्यात उतरायच्या आधी माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"चहापासून," धाकटी म्हणाली. "आमच्याच घरातून त्याला खायला घातलं जात होतं. मी आधीच सांगायला हवं होतं. नापास होईन म्हणून नाही सांगितलं."

"मग आता काय झालात?"

तिने पाटीवरची अक्षरं अंगठ्याने पुसली.

"अहो, तिचा काय दोष?" नाना शिडीपर्यंत आले. "मी घातलं. माझ्या दवाखान्यातल्या पकडीने. तिला दाखवायला बरं पडावं म्हणून."

"डॉक्टर आहात ना तुम्ही?" परीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "उद्या कुणीतरी हौशी माणूस इथे उतरेल. सिलिंडर शिडीला लागेल. हा बाहेर येईल, समोर बोटं दिसतील. चावेल. मग लोक भाला घेऊन खाली जातील. कुणाला मारतील? तुम्हाला नाही."

नाना तसेच उभे राहिले. त्यांच्या शर्टाच्या खिशातून पकडीची दांडी बाहेर आली होती, ती त्यांनी आत ढकलली.

"लायसन्स मिळणार नाही," परीक्षक म्हणाले. थोरलीने तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला. "हंगामाच्या शेवटी मी परत येईन. इथेच उतरू. मी वाजवीन. तो बाहेर आला, तर पुढच्या वर्षीही मिळणार नाही."

"आणि नाही आला तर?" धाकटीने विचारलं. "मग तुम्हाला दाखवणार काय मी?"

"काही नाही," परीक्षक म्हणाले. "तेच बघायला येणार आहे मी."

मग सुरू झाला तो उलटा धडा. धाकटी रोज खाली जायची, सिलिंडरवर वाजवायची आणि हात काखेत घालून नुसती तरंगत राहायची. वाम यायचा. समोर आ करून उभा राहायचा. इकडून बघायचा, तिकडून बघायचा, आत निरोप पोचला नाही की काय अशा चेहऱ्याने आणखी थोडा थांबायचा. ती हलायची नाही. शेवटी तो जायचा. धाकटी वर येऊन मास्क काढायची तेव्हा मास्कात पाणी असायचं. सगळंच समुद्राचं नसावं.

थोरली गल्ल्यावर बसून मास्क भाड्याने देत होती. घरी तिने फ्रीजमधला सगळा मासा शेजारणीकडे हलवला. त्यासाठी आधी मांजरीबद्दल माफी मागावी लागली. शेजारीण म्हणाली, "माझी नको, तिचीच मागा." थोरलीने मागितली. मांजर उठून निघून गेली.

नानांना धक्क्यावर जायची मनाई होती. तिथे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर ते एका ओट्यावर बसून राहत, पाण्याकडे पाठ करून.

"वाट बघत असेल तो माझी," एकदा ते धाकटीला म्हणाले.

"बघतोय," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिने सोडलं होतं.

हळूहळू तो अर्धाच बाहेर यायला लागला. मग नुसतं डोकं काढायचा. मग एक दिवस तिने वाजवलं आणि तो जागचा हललाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या दिवशी जेवताना तिने नानांना सांगितलं. त्यांचा घास थांबला.

"आजारी नाही ना?"

"नाही. छान आहे. श्वास घेतोय."

"आ करून?"

"आ करून."

"ते मी शिकवलं नव्हतं."

"नाही, नाना."

"म्हणजे मी शिकवलेलं काहीच राहिलं नाही आता." ते पुन्हा जेवायला लागले. "बरं झालं," ते म्हणाले, आणि भाजी नको असताना वाढून घेतली.

हंगामाच्या शेवटी परीक्षक आले. तीच कडी, तोच धक्का, तोच टायर. धाकटीला आदल्या वेळी भीती होती की तो बाहेर येणार नाही. या वेळी भीती होती ती तो बाहेर येईल याची. गेल्या काही दिवसांत तो आला नव्हता खरा. पण ती वाजवायची ती तिच्या हाताने. पितळेच्या कडीचा आवाज त्याला आवडत असला तर?

परीक्षकांनी वाजवलं. कपारीच्या तोंडाशी डोकं होतंच. हललं नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं. एक लालपांढरी कोळंबी वामाच्या उघड्या तोंडात शिरून दातांतलं काहीबाही वेचत होती. तिनेही लक्ष दिलं नाही. त्यांनी जोरात वाजवलं. वामाने तोंड मिटलं, उघडलं, आणि धाकटीचा श्वास जागच्या जागी थांबला. डायव्हरने कधीही श्वास रोखू नये, हे तिच्याच पुस्तकात ठळक छापलेलं होतं. वामाने तोंड पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. बस, एवढंच. परीक्षकांनी कडी सोडून दिली, दोन्ही हात काखेत घातले आणि कितीतरी वेळ, परीक्षा विसरून, ते नुसते बघत राहिले. मग त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला: ठीक.

धाकटीला लायसन्स मिळालं. पुढे ती आमच्या भागातली सगळ्यात जुनी गाइड झाली. तिच्या गिऱ्हाइकांची एकच तक्रार असे, की मासा काहीच करत नाही. थोरली गल्ल्यावरून उत्तर द्यायची, "त्याला पगार नाही." थोरलीने पुढे दुकानाला वरचा मजला चढवला आणि गुडघे गेले तेव्हाच गल्ला सोडला. शेजारणीशी तिची गट्टी जमली. मांजरीशी शेवटपर्यंत नाही. परीक्षक निवृत्त झाल्यावर दरवर्षी गिऱ्हाईक म्हणून यायचे. कडी घरी ठेवून यायचे, आणि थोरली त्यांना सवलत द्यायची नाही. वाम बरीच वर्षं तिथेच राहिला. पुढे एका मोठ्या वादळानंतर ती कपार रिकामी दिसली. कुणी मारला नव्हता, एवढं धाकटीने खात्रीने शोधून काढलं.

नाना त्याच्या आधी गेले. पण जायच्या दोन वर्षं आधी त्यांनी धाकटीकडे हट्ट धरला, की मला एकदा रीतसर दाखव. तिने त्यांना शिकवलं, उथळात सराव करून घेतला आणि एका शांत सकाळी शिडीवरून खाली नेलं. ते हात काखेत घालून, सांगितलेल्या अंतरावर, सांगितलं तेवढा वेळ तरंगत राहिले. वाम कपारीत बसून आ करत होता. वर आल्यावर थोरलीने टॉवेल दिला. नानांनी तो खांद्यावर घेतला.

"वरचा डावीकडचा सुळा हलतोय त्याचा," ते म्हणाले.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

"हलू दे," नाना म्हणाले, आणि डोकं पुसायला लागले.